समतेवर आळ, विषमतेला अभय!

माझ्या मावसभावाची मुलगी अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातील एका हायस्कुलात दहाव्या इयत्तेत शिकते. गेल्या महिन्यात तिचे पत्र आले. "काका, आमच्या इंग्रजीच्या वर्गाला निबंध लिहावयाचा आहे. समाजाने सर्वांना समान केले तर व्यक्ती उरते काय, असा विषय आहे. नेमलेल्या पुस्तकांतून पुरावे द्या, असे बाईंनी सांगितले आहे. तुम्ही वकील आहात. पुरावा कसा मांडावा ते मला कळवा." पत्रासोबत पुस्तकांची यादी होती. त्यांतील बहुतेक पुस्तके मी कॉलेजात असताना वाचली होती. ती पुन्हा काढून वाचली, आणि माझ्या ध्यानात आले की, मुलीला विचारलेला प्रश्न हा प्रश्नच नव्हे. तो निकाल आहे. साक्षीपुरावा होण्यापूर्वीच न्यायाधीशाने निकालपत्र लिहून खिशात ठेवावे, तसा हा प्रकार आहे. आणि या खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केलेली कोण, तर समता!

ज्या वाचकांना या पुस्तकांचा परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. सर्व काही उत्तम आहे अशा कल्पित राज्याला इंग्रजीत 'युटोपिया' म्हणतात. त्याच्या उलट, जेथे माणसाचे जिणे नरकवत झाले आहे अशा कल्पित राज्याला 'डिस्टोपिया' म्हणतात. जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्वज्ञाने १८६८ साली ब्रिटिश पार्लमेंटात आयर्लंडविषयीच्या वादविवादात याच घडणीचा शब्द विरोधकांस उद्देशून वापरला होता. विसाव्या शतकात अशा दुःस्वप्नराज्यांच्या कथांचे मोठे पीक आले, आणि अमेरिकन हायस्कुलांत तर तो इंग्रजीच्या अभ्यासक्रमाचा ठरलेला भाग होऊन बसला. आल्डस हक्सलेची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड', जॉर्ज ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर', रे ब्रॅडबरीची 'फॅरनहाइट ४५१', आयन रँडची 'अँथेम', कुर्ट व्हॉनेगटची 'हॅरिसन बर्जेरॉन' ही छोटी कथा, मार्गारेट अॅटवुडची 'द हँडमेड्स टेल'. यांतील दोनतीन पुस्तके मुले वाचतात आणि 'व्यक्ती विरुद्ध समाज' या मथळ्याखाली निबंध लिहितात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना अन्यायी सत्तेविषयी विचार करावयास लावणे ही गोष्ट चांगलीच आहे. तिच्याविषयी माझी यत्किंचितही तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती या पुस्तकांतून जो सिद्धांत मुलांच्या गळी उतरविला जातो त्याबद्दल. तो सिद्धांत असा की, माणसे समान झाली की व्यक्ती मरते. म्हणून व्यक्तीला जगवावयाचे असेल तर समतेपासून सावध राहा.

न्यायालयात कागद पुराव्यात वाचावयाचा तर तो संपूर्ण वाचावा लागतो. सोयीचे वाक्य तेवढे वाचून चालत नाही. तेव्हा या सिद्धांताचा जो मुख्य साक्षीदार त्यालाच प्रथम बोलावू.

'अँथेम' हे पुस्तक १९३८ साली इंग्लंडात प्रसिद्ध झाले. लेखिका आयन रँड मूळची रशियन. क्रांतीनंतर तिच्या वडिलांचे औषधांचे दुकान सरकारजमा झाले, आणि १९२६ साली ती अमेरिकेत आली. तिच्या कथेतील राज्यात 'मी' हा शब्दच नष्ट झालेला आहे. प्रत्येक जण स्वतःला 'आम्ही' म्हणतो. माणसांना नावांऐवजी एकेक मोठा शब्द आणि त्यापुढे आकडे दिलेले आहेत. नायकाचे नाव आहे 'समता ७-२५२१'. एवढ्यावरून मास्तर-मास्तरीण मुलांना सांगतात की, पाहा, समतेच्या राज्यात माणसाचा आकडा होतो!

परंतु नावावर न जाता या राज्याचा कारभार पाहा. नायक बुद्धिमान आहे. त्याला विद्वानांच्या गृहात जावयाचे आहे. पंधराव्या वर्षी व्यवसाय-मंडळ त्याला त्याचा जन्माचा धंदा नेमून देते. कोणता? रस्ते झाडण्याचा! त्यात त्याची इच्छा विचारात घेतली जात नाही, लायकीही विचारात घेतली जात नाही, आणि नेमलेला धंदा बदलता येत नाही. तो दिवसा झाडू मारतो आणि रात्री एका जुन्या भुयारात चोरून प्रयोग करतो. शेवटी त्याला विजेचा दिवा साधतो. तो दिवा घेऊन तो मोठ्या आशेने विद्वानांच्या महामंडळापुढे जातो. तेथे काय घडते? विद्वान संतापाने उठतात. दिवा खरा की खोटा हे पाहण्याची त्यांना गरज वाटत नाही. एका झाडूवाल्याने विद्येला हात लावला, एका झाडूवाल्याने आपल्याला शिकवू पाहिले, हाच त्यांच्या लेखी महापराध ठरतो. शिवाय मेणबत्त्यांच्या खात्याचे काय होणार, हीही त्यांना चिंता आहेच. नायक खिडकी फोडून रानात पळतो.

आता वाचकहो, आपणच सांगा, हे राज्य समतेचे की कशाचे? धंदा वरून नेमून दिलेला, तो सोडण्यास बंदी, विद्या एका मंडळाची मिरास, आणि झाडणाऱ्याने ज्ञानाची गोष्ट काढली की शिक्षा. या व्यवस्थेचे नाव सांगण्यास आपल्यापैकी कोणास कोश उघडावा लागेल काय? तिला 'समता' म्हणणे म्हणजे दारूच्या दुकानावर दूधडेअरीची पाटी लावणे होय. लेखिकेने ती पाटी लावली. ती का लावली हे समजण्यासारखे आहे, कारण तिने पाहिलेल्या राज्यकर्त्यांनीही तीच पाटी लावली होती. पण अमेरिकेतील वर्गात बसलेल्या शिक्षकांनी तरी दुकानात डोकावून पाहावयास नको काय? नायकाचा अपराध काय, तर तो झाडूवाला असून विचार करतो. ही गोष्ट निबंधाच्या प्रश्नात कोठेच येत नाही. येतो तो फक्त 'मी' हा शब्द.

आणि त्या 'मी'चीही एक गंमत आहे. रानातील एका जुन्या घरात नायकाला पुस्तके सापडतात, 'मी' शब्द सापडतो, आणि तो स्वतःला प्रोमिथियस असे नाव घेतो. त्याच्यामागून आलेल्या स्त्रीलाही नवे नाव मिळते. पण ते कोण ठरवितो? तोच! ती फक्त मान्य करते. व्यक्तिस्वातंत्र्याच्या या महास्तोत्रात पहिल्याच दिवशी निम्म्या मानवजातीचे नामकरण दुसऱ्याने करून टाकले, हे वर्गात कोणी विचारले असेल तर त्या मुलीचे मी अभिनंदन करीन.

इतर साक्षीदारांची उलटतपासणी थोडक्यात करता येते. हक्सलेच्या १९३२ सालच्या कादंबरीत माणसे बाटल्यांत जन्मतात आणि जन्मापूर्वीच त्यांचे पाच वर्ण ठरलेले असतात: अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन. लेखक स्वतः त्यांना 'कास्ट' हाच शब्द वापरतो. सर्वांत खालच्यांची वाढ खुंटावी म्हणून त्यांना गर्भावस्थेतच प्राणवायू कमी दिला जातो. प्रत्येक वर्णाला वेगळ्या रंगाचे कपडे, आणि आपला वर्णच आपल्याला बरा हे मुलांच्या कानांत झोपेत घोकविले जाते. ऑर्वेलच्या १९४९ सालच्या कादंबरीत वर अंतर्गत पक्ष, लोकसंख्येच्या दोन टक्क्यांहूनही कमी; मध्ये बाह्य पक्ष; आणि खाली शेकडा पंच्याऐंशी कष्टकरी, ज्यांना माणसांत जमेसच धरलेले नाही. त्या कादंबरीत बंडखोरांचे म्हणून जे पुस्तक येते त्यात तर स्पष्टच म्हटले आहे की, यंत्रांमुळे सर्वांना पुरेल इतके निर्माण होऊ लागले तेव्हा वरच्यांचे वरपण धोक्यात आले, म्हणूनच जास्तीचे सर्व जाळून टाकण्यासाठी युद्धे कायम चालू ठेवावी लागतात. म्हणजे तेथील जुलूम समता आणण्यासाठी नाही. समता येऊ नये म्हणून आहे! अॅटवुडच्या १९८५ सालच्या कादंबरीत स्त्रियांच्या पायऱ्या कपड्यांच्या रंगांवरून ओळखावयाच्या. दासीला स्वतःचे नाव नाही, मालकाच्या नावावरून तिला हाक मारावयाची. आणि वाचणे हा स्त्रियांना गुन्हा. एकामागून एक साक्षीदार सांगत आहेत की, व्यक्तीचा गळा घोटणारी आहे ती पायऱ्यांची उतरंड. आणि वर्गात मात्र समतेवर आरोपपत्र दाखल होते. यालाच चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात.

यावर कोणी म्हणेल, "वकीलसाहेब, हॅरिसन बर्जेरॉनच्या कथेचे काय? तेथे तर सरकार खरोखरच सर्वांना समान करते." होय, करते. व्हॉनेगटची ही कथा १९६१ साली प्रसिद्ध झाली आणि ती घडते २०८१ साली. बलवानांच्या गळ्यात वजने, बुद्धिमानांच्या कानात कर्कश आवाजाचे यंत्र, सुंदर चेहऱ्यावर मुखवटा. कोणी कोणापेक्षा वरचढ होता कामा नये. हॅरिसन हा चौदा वर्षांचा मुलगा तुरुंगातून पळून दूरदर्शनवर येतो, बेड्या तोडतो, आणि सरकारी अधिकारीण त्याला गोळी घालते. मुलांना ही कथा आवडते, आणि ती आहेच चटकदार. मात्र बेड्या तुटण्यापूर्वीच हा स्वातंत्र्यवीर काय घोषणा करतो तेही वाचावे. तो म्हणतो, मी सम्राट आहे, सर्वांनी माझी आज्ञा पाळलीच पाहिजे! लेखक हसतो आहे. सरकारला हसतो तसा या सम्राटालाही हसतो. पण वर्गात हे हसू कोणाला ऐकू येत नाही.

ऐकू येत नाही याचा परिणाम केवळ निबंधाच्या गुणांपुरता राहत नाही, म्हणूनच मी हे लिहीत आहे. वर्गात वाचलेली गोष्ट न्यायालयापर्यंत जाते. केसी मार्टिन या गोल्फपटूच्या उजव्या पायात रक्ताभिसरणाचा जन्मजात विकार होता. त्याला चालणे वेदनादायक आणि धोक्याचे होते. अपंगांच्या हक्कांविषयीच्या १९९० सालच्या कायद्यान्वये त्याने स्पर्धेत लहान गाडी वापरण्याची परवानगी मागितली. २००१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ती दिली. न्यायमूर्ती स्कालिया यांनी भिन्नमतपत्र लिहिले आणि त्याच्या शेवटी या बर्जेरॉनच्या कथेचीच सुरुवात खुबीने वापरून बहुमताची थट्टा केली. एका लंगड्या माणसाने मैदानावर येण्यासाठी चाके मागितली, तर समतेचे दुःस्वप्नराज्य अवतरले! गळ्यात वजन बांधणे आणि पायातले वजन काढणे यांतला फरक ज्याला हायस्कुलात कोणी शिकविला नाही, त्याला तो पुढे कितीही मोठ्या आसनावर बसला तरी दिसत नाही.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. कॅन्सस राज्यात सालिना आणि डॉज सिटी येथील विद्यार्थ्यांच्या वतीने सरकारवर दावा झाला की, राज्याची शाळांना पैसा देण्याची पद्धत अपुरी व अन्याय्य आहे. श्रीमंत भागातील विद्यार्थ्यांचे वकील त्यात उभे राहिले. आपल्या शाळांना स्थानिक करातून हवा तितका जास्त पैसा उभारू द्यावा, त्यावर मर्यादा नको, हे त्यांचे म्हणणे. आणि त्यासाठी आधार कोणाचा? हॅरिसन बर्जेरॉनचा! व्हॉनेगट तेव्हा हयात होते. २००५ साली तेथील एका वृत्तपत्राने विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की, वकिलांनी गोष्ट चुकीची वाचली. ती बुद्धी आणि अंगच्या गुणांविषयी आहे, आणि पैसा असणे हे या दोहोंपैकी कशाचेच प्रमाण नव्हे. गरीब म्हणून मुलांना चांगल्या शिक्षणास मुकावे लागावे असे आपल्याला वाटत नाही, असेही ते म्हणाले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी शाळांना अधिक निधी देण्याचा आदेश दिला. हे तेच कॅन्सस, ज्याच्या टोपेका शहरातील काळ्या मुलांच्या दाव्यावर १९५४ साली वर्णावरून वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या. वकिलीचा धंदा मीही करतो, पक्षकारासाठी हाताला लागेल तो आधार घ्यावा लागतो हे जाणतो. परंतु गरिबाच्या मुलाची पाटी हिसकावून घेताना खिशातून गोष्टीचे पुस्तक काढणे हे मात्र जरा अतीच झाले.

ही भीती सर्वस्वी निराधार आहे असे मी म्हणत नाही. समतेचे नाव घेऊन माणसांना चिरडणाऱ्या राजवटी झाल्या. झाम्यातिन हा रशियन लेखक मूळचा बोल्शेविक. त्याने १९२०-२१ च्या सुमारास 'आम्ही' ही कादंबरी लिहिली, तीत माणसांना आकडे आहेत, आणि ती त्याच्या देशात छापू दिली गेली नाही. १९३१ साली त्याला देश सोडावा लागला. हे सर्व मुलांनी अवश्य वाचावे. पण त्या राजवटीत वाढले काय, हेही वाचावे. युगोस्लाव्हियाचे एकेकाळचे उपाध्यक्ष मिलोवान जिलास यांनी १९५७ साली लिहिलेल्या पुस्तकाचे नावच 'नवा वर्ग' असे आहे. तेथे समतेचा अतिरेक झाला नव्हता; समतेच्या गादीवर नवे सरंजामदार बसले होते.

या सर्व कल्पित कथांपेक्षा मला जास्त खटकते ती दुसरीच गोष्ट. ज्या भूमीवर ही मुले बसली आहेत तेथे डिस्टोपिया कल्पनेत शोधावा लागत नाही. तो कायद्याच्या पुस्तकांत छापलेला आहे. दक्षिण कॅरोलायनाने १७४० साली गुलामाला लिहावयास शिकविणे हा दंडनीय गुन्हा ठरविला. उत्तर कॅरोलायनाने १८३० साली वाचन आणि लेखन दोन्ही शिकविण्यास बंदी घातली. फ्रेडरिक डग्लस हा गुलाम मुलगा बाल्टिमोरला असताना मालकीण त्याला अक्षरे शिकवू लागली. मालकाने तिला थांबविले, कारण वाचावयास आलेला गुलाम गुलाम म्हणून निरुपयोगी होतो. मुलाने ते ऐकले आणि तेथेच त्याला आपली वाट सापडली. १८३८ साली तो पळाला, नवे आडनाव घेतले, १८४५ साली स्वतःचे चरित्र लिहिले. चोरून शिकणे, पळून जाणे, स्वतःला नाव घेणे. 'अँथेम'चा सगळा कथाभाग येथे प्रत्यक्ष घडलेला आहे. आणि त्याला बांधून ठेवणारे कोण होते? ते समतेचे पुजारी नव्हते. ते स्वातंत्र्याचे मोठे भोक्ते होते. आपल्या मालमत्तेत सरकारने ढवळाढवळ करू नये, हाच त्यांचा व्यक्तिवाद! ज्याच्यावर मालकी गाजवावयाची तो माणूसच मालमत्तेत मोडत होता, एवढीच काय ती अडचण. डग्लसचे पुस्तकही अमेरिकन शाळांत शिकविले जाते, पण बहुधा वेगळ्या आठवड्यात, वेगळ्या मथळ्याखाली. तेथे तो इतिहास होतो. 'व्यक्ती' होण्याचा मान कल्पित नायकासाठी राखून ठेवलेला असतो.

शिक्षकांना मी दोष देत नाही. निदान सर्व दोष देत नाही. रँडबाईंच्या विचारांच्या प्रसारासाठी १९८५ साली स्थापन झालेल्या संस्थेने वर्षानुवर्षे शाळांना तिची पुस्तके विनामूल्य पुरविली आणि विद्यार्थ्यांसाठी बक्षिसांच्या निबंधस्पर्धा चालविल्या. ज्या शाळेकडे पुस्तके घ्यावयास पैसा नाही तिने फुकट मिळालेला गठ्ठा परत करावा काय? आणि पैसा का नाही, हे पाहावे तर पुन्हा तोच धागा हाती येतो. अमेरिकेत शाळांच्या पैशाचा मोठा भाग त्या-त्या भागातील घरादारांवरील करातून येतो. टेक्ससमधील गरीब, बहुतांश मेक्सिकन वंशाच्या वस्तीतील पालकांनी याविरुद्ध दावा केला, तेव्हा १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो फेटाळला. शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नव्हे, असे म्हटले. भिन्नमत नोंदविणाऱ्यांत थर्गुड मार्शल होते, ज्यांनी १९५४ चा खटला वकील म्हणून लढविला होता. म्हणजे मुलाला कोणती शाळा मिळणार हे ठरते ते आईबापांच्या वस्तीवरून. आणि त्या शाळेत त्याला फुकट पुस्तक मिळते ते असे सांगणारे की, तू स्वयंभू आहेस, तुझ्यावर कोणाचे ऋण नाही!

जाता जाता 'फॅरनहाइट ४५१'ची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. पुस्तके जाळणाऱ्या राज्याची ही १९५३ सालची कादंबरी. १९६७ साली प्रकाशकाने खास हायस्कुलांसाठी तिची आवृत्ती काढली आणि पंचाहत्तरहून अधिक ठिकाणी गुपचूप कात्री चालविली. शिव्या गेल्या, 'गर्भपात' शब्द गेला, दारुड्या माणसाचा आजारी माणूस झाला. लेखकाला पत्ता नाही. पुढे काही वर्षे बाजारात हीच कापलेली प्रत तेवढी विकली गेली. १९७९ साली वाचकांनी कळविले तेव्हा ब्रॅडबरीला समजले, आणि मूळ मजकूर परत आला. ही कात्री कोण्या समतावादी हुकूमशहाने चालविली नव्हती. शाळांत माल खपावा म्हणून एका व्यापाऱ्याने चालविली होती.

शाळेतल्या मुलाच्या व्यक्तित्वाला खरे संरक्षण मिळाले त्याची गोष्टही वर्गात सांगण्यासारखी आहे. वेस्ट व्हर्जिनियात झेंड्याला सलामी देण्याची सक्ती होती. यहोवाज विटनेसेस या लहानशा, हेटाळणी होत असलेल्या पंथाच्या मुलांनी धर्मविवेकाने नकार दिला, त्यांना शाळेतून काढले. तीनच वर्षांपूर्वी, १९४० साली, अशाच प्रकरणात सर्वोच्च न्यायालय मुलांच्या विरुद्ध गेले होते. १९४३ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, त्याच न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी आपला निकाल फिरविला. त्या मुली एकट्या, शूर, असामान्य होत्या म्हणून त्या सुटल्या नाहीत. बहुसंख्यांना जो हक्क तोच त्यांनाही, म्हणून सुटल्या. समान हक्क काढून घ्या. मग त्या व्यक्तीजवळ काय उरते? रान आणि रिकामे घर.

हे सर्व मी पुतणीला कळविले. तिने उलट विचारले की, काका, आपल्याकडे याबद्दल कोणी काही म्हटले आहे का? मी तिला संविधान सभेतील दोन भाषणे पाठविली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी सांगितले होते की, मसुद्याने गाव टाकून व्यक्ती हा घटक स्वीकारला याचा त्यांना आनंद आहे. आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी दोन्ही बाजू तोलून मांडल्या: समतेवाचून स्वातंत्र्य असेल तर थोड्यांचे वर्चस्व अनेकांवर बसेल, आणि स्वातंत्र्यावाचून समता असेल तर व्यक्तीची कर्तृत्वशक्ती मरेल; बंधुतेवाचून दोन्ही टिकणार नाहीत. न्यू जर्सीच्या बाईंना जी भीती वाटते ती या माणसाला माहीत नव्हती असे नाही. त्याने ती भीती विचारात घेतली, आणि तरीही समतेला पिंजऱ्यात उभे केले नाही. त्याने स्वतः ज्या शहरात शिक्षण घेतले ते न्यू यॉर्क तिच्या शाळेपासून फार दूर नाही, हेही मी लिहिले.

निबंधाची मुदत पुढच्या शुक्रवारी आहे. तिने काल कच्चा मसुदा पाठविला. प्रश्नाचे उत्तर 'होय' की 'नाही' ते तिने दिलेलेच नाही, त्यामुळे गुण कापले जाण्याची तिला धास्ती आहे. पहिल्या परिच्छेदात तिने बाईंनाच एक प्रश्न विचारला आहे: या सर्व पुस्तकांतील राज्यांत रस्ते कोण झाडतो, आणि ते त्याला कोणी नेमून दिले?